शरदातली परसबाग: संकटात आठवते, हौसेने टिकते



ऑक्टोबर महिना म्हणजे आमच्याकडे गर्दीचे दिवस. पाऊस ओसरलेला, दुपारी ऊन चटके देणारं, पहाटे गारवा आणि दिवसभर डास. ओपीडीत तापाच्या पेशंटची रांग लागलेली असते. अशाच एका संध्याकाळी माझे जुने पेशंट, एक निवृत्त शिक्षक, आत आले. त्यांना आपण काका म्हणू. वय अडुसष्ट, डायबेटीस बारा वर्षांचा. त्यांनी टेबलावर रिपोर्ट ठेवला आणि त्याच्यावर ओल्या कागदात गुंडाळलेली मेथीची जुडी. मुळांना माती तशीच होती.

"घरची आहे डॉक्टर. घराच्या मागच्या वाफ्यातली."

रिपोर्ट बरा होता. तीन महिन्यांची सरासरी साखर आधीपेक्षा खाली आली होती. मी या काकांना दहा वर्षं "रोज अर्धा तास चाला" असं सांगत होतो आणि दहा वर्षं ते "हो हो" म्हणत होते. आता म्हणाले, "चालायचा मला कंटाळा येतो, खरं सांगतो. पण वाफ्यापाशी गेलो की दीड तास कुठे गेला ते कळत नाही." आणि मग दाराशी जाता जाता, पेशंट महत्त्वाचा प्रश्न नेहमी जाता जाताच विचारतात तसा, त्यांनी विचारला: "मग आता एक गोळी बंद करू का?"

गोळीचं उत्तर मी शेवटी देतो. पण परसातली भाजी आणि तब्येत यांचा संबंध नेमका किती, हा प्रश्न चांगला आहे, आणि त्याला मोठा इतिहास आहे. तो वाचताना मला जे लक्षात आलं, ते आज सांगतो.

शरद: रोगांचा हंगाम आणि पेरणीचाही

जुन्या वैद्यांमध्ये एक विनोद होता: शरद ऋतू म्हणजे वैद्यांची आई. कारण याच दिवसांत माणसं आजारी पडतात आणि वैद्याचं पोट भरतं! चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या सहाव्या अध्यायात ऋतुचर्या दिली आहे. पावसाळ्यात साठलेलं पित्त शरदातल्या उन्हाने उसळतं, म्हणून या दिवसांत हलकं, गोड आणि कडू चवीचं खावं, असं त्यात सांगितलं आहे. त्याच ग्रंथात पुढे सत्ताविसाव्या अध्यायात खाण्याच्या पदार्थांचे वर्ग पाडले आहेत, आणि त्यात भाज्यांसाठी 'शाकवर्ग' असा स्वतंत्र वर्ग आहे. पित्त-वाताच्या भाषेत आजचं वैद्यकशास्त्र बोलत नाही. पण ऋतू बदलला की ताट बदलावं, हे निरीक्षण आपल्या घराघरांत मुरलं ते तेव्हापासून.

आणि गंमत अशी की ज्या ऋतूत माणूस आजारी पडतो, त्याच ऋतूत भाजीला सगळ्यात चांगले दिवस येतात. मुसळधार पाऊस थांबलेला असतो, म्हणून बी वाहून जात नाही आणि कुजत नाही. मातीत ओल मुरलेली असते. रात्री गार होऊ लागतात. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, चाकवत यांना हेच हवं असतं. मेथीचे दाणे तीन-चार दिवसांत वर डोकावतात आणि महिन्याभरात जुडी हातात येते. मुळा दीड महिन्यात उपटायला तयार.

महाराष्ट्रात तर या ऋतूतली पहिली पेरणी घराच्या आत, देवासमोर होते. घटस्थापनेला शेतातली माती आणून, तिच्यात धान्य पेरून, मधोमध घट बसवतात. नऊ दिवस पाणी शिंपडायचं आणि कोंब किती वर आले ते रोज बघायचं. दसऱ्याला तेच पिवळसर कोंब टोपीत, फेट्यात खोवायचे. बियाणं चांगलं आहे की नाही हे रब्बीच्या आधी पाहण्याची ही रीत, असं शेतकरी घरांत सांगतात. लहानपणी मला त्यातला धर्म कळत नव्हता आणि शेतीही कळत नव्हती. सकाळी उठून पहिल्यांदा कोंब बघायला धावायचं, एवढंच कळत होतं. ही धाव लक्षात ठेवा, पुढे तिच्याकडे परत यायचं आहे.

आज्जीचं परस

परस म्हणजे घराची मागची बाजू. तिथे न्हाणीघर, चूल पेटवायची लाकडं, आड किंवा विहीर, आणि या सगळ्याच्या आधाराने उगवलेली भाजी. कोकणातल्या घरांत न्हाणीचं पाणी जिथे जायचं तिथे अळू आणि केळ असायची. देशावर कुंपणावर वाल, छपरावर भोपळ्याचा किंवा दुधीचा वेल, दाराशी शेवगा. कुणी त्याला बाग म्हणत नसे. सांडपाण्याची सोय लावता लावता जेवणाची सोय होत होती.

या परसात सगळंच इथलं नव्हतं. वांगं, कारलं, पडवळ, दोडका, अळू, वाल ही आपल्याकडची जुनी मंडळी. पण मिरची, बटाटा, टोमॅटो, लाल भोपळा, श्रावणघेवडा, पपई आणि पेरू ही सगळी मूळची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकानंतर, मुख्यत्वे पोर्तुगीजांच्या जहाजांमुळे, ती आपल्याकडे येऊ लागली. म्हणजे आज जिला आपण 'पारंपरिक' म्हणतो त्या ठेच्यातली मिरची शिवाजी महाराजांच्या काळातही तुलनेने नवीच होती. परस ही दर पिढीत नवं काहीतरी लावून बघण्याची जागा होती.

आणि मळ्याकडे केवळ पोटासाठी न पाहणारा एक माणूसही आपल्या परंपरेत आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या अरणचे संत सावता माळी, तेराव्या शतकातले. पंढरपूर जवळ असूनही त्यांनी आपल्या मळ्यातल्या भाजीतच विठ्ठल पाहिला. श्रद्धा प्रत्येकाची आपापली. पण वाफ्यात काम करताना मनाला काहीतरी मिळतं, हे सातशे वर्षांपूर्वी मराठीत सांगितलं गेलं आहे.

इंग्लंड, ऑक्टोबर १९३९

आता थोडं दूर जाऊ. परसातली भाजी हे राष्ट्रीय औषध म्हणून एका अख्ख्या देशाला दिलं गेलं, ते तिकडे. आणि तेही शरदातच.

१९३९ च्या सप्टेंबरमध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं. ब्रिटन आपल्या अन्नाचा मोठा भाग जहाजांनी बाहेरून आणत होता, आणि जर्मन पाणबुड्या ती जहाजं बुडवणार हे उघड होतं. महिन्याभरातच, ऑक्टोबरमध्ये, सरकारने लोकांना आवाहन केलं: विजयासाठी जमीन खणा. अंगणातलं गवत काढा, फुलं काढा, भाजी लावा. शहरातल्या लोकांना भाड्याने मिळणारे जमिनीचे छोटे तुकडे तिथे आधीपासून होते. युद्धाआधी त्यांची संख्या सुमारे ८ लाख होती, ती युद्धकाळात १४ लाखांच्या घरात गेली. लंडनच्या किल्ल्याभोवतीच्या कोरड्या खंदकातसुद्धा भाजीचे वाफे झाले.

यामागे एक शास्त्रज्ञ होते, जॅक ड्रमंड. 'व्हिटॅमिन' या शब्दाचं आजचं स्पेलिंग १९२० मध्ये त्यांनीच सुचवलं. १९४० मध्ये ते ब्रिटनच्या अन्न मंत्रालयाचे शास्त्रीय सल्लागार झाले. रेशनमध्ये काय द्यायचं आणि लोकांनी घरी काय पिकवायचं, हे पोषणाच्या हिशेबाने ठरू लागलं.

याच सुमाराला केंब्रिजमधल्या एल्सी विडोसन आणि रॉबर्ट मॅकन्स या दोघांनी स्वतःवरच प्रयोग केला. युद्ध चिघळलं तर लोकांना जे खावं लागेल ते त्यांनी काही सहकाऱ्यांसह तीन महिने खाल्लं: आठवड्याला एक अंडं, अगदी थोडं दूध आणि मांस, बाकी हवा तेवढा बटाटा, कोबीसारखी भाजी आणि कोंड्यासकट पिठाचा ब्रेड. मग तब्येत तपासायला भर हिवाळ्यात डोंगराळ भागात जाऊन चढ-उतार केले. मॅकन्स तर केंब्रिजहून तिथपर्यंत सायकलने गेले. निष्कर्ष असा की माणूस या आहारावर ठणठणीत राहतो. तक्रारी दोन: जेवायला फार वेळ लागतो आणि पोटात वारा फार धरतो! कॅल्शियम मात्र कमी पडतं असं दिसलं, आणि पुढे ब्रिटनमध्ये पिठात कॅल्शियम मिसळलं जाऊ लागलं.

युद्धाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधला बालमृत्यूदर युद्धाच्या आधीपेक्षाही खाली आला. याचं श्रेय एकट्या परसबागेला देता येणार नाही. गरोदर बायकांना आणि मुलांना दूध मिळू लागलं, रेशनमुळे गरिबाच्या ताटातही वाटा पडला, हाताला काम होतं. पण ताटातली भाजी हा त्यातला एक धागा नक्की होता.

रेडिओवर दर रविवारी दुपारी मिडलटन नावाचे गृहस्थ बागकामाच्या गप्पा मारत. ते खरे फुलांचे शौकीन. युद्धात त्यांना बटाटे आणि कोबीवर बोलावं लागे, आणि पूर्वी आपण फुलांविषयी बोलायचो याची हळहळ ते अधूनमधून बोलूनही दाखवत. लोकांना ते आवडायचे ते बहुधा याच कारणाने. हुकूम सोडणारे खूप होते, बागेवर जीव असलेला हा एक माणूस होता.

गाजराची गोष्ट

त्याच काळात एक कथा पसरली आणि ती आजही माझ्या ओपीडीत येते: "गाजर खाल्लं की चष्मा जातो ना?"

ब्रिटिश विमानदलाचे वैमानिक अंधारात शत्रूची विमानं अचूक पाडू लागले होते. जॉन कनिंगहॅम या वैमानिकाला तर मांजरडोळ्याच म्हणू लागले. ही मंडळी गाजरं भरपूर खातात, म्हणून त्यांना रात्री दिसतं, असं सांगितलं गेलं. खरं कारण विमानात बसवलेलं रडार होतं आणि ते गुप्त ठेवायचं होतं. शिवाय गाजराचं पीकही तेव्हा भरपूर आलं होतं, ते लोकांनी खायला हवं होतं.

तरीही या थापेच्या पोटात खरं शास्त्र आहे. आपल्या डोळ्याच्या पडद्यात अंधुक उजेडात काम करणाऱ्या पेशी असतात. त्यांना लागणारं एक रंगद्रव्य शरीर 'अ' जीवनसत्त्वापासून बनवतं. गाजर, शेवग्याचा पाला, मेथी, पालक, माठ यांतल्या बीटा-कॅरोटीनपासून शरीर 'अ' जीवनसत्त्व तयार करतं. ते कमी पडलं की पहिल्यांदा संध्याकाळचं दिसेनासं होतं. यालाच रातांधळेपणा म्हणतात. पण ज्याच्या शरीरात हे जीवनसत्त्व पुरेसं आहे, त्याने ढीगभर गाजरं खाल्ली तरी नजर जास्त तीक्ष्ण होत नाही. आणि चष्म्याच्या नंबराशी तर गाजराचा काहीच संबंध नाही.

हा नियम सगळ्याच भाज्यांना लागू आहे. कमतरता असेल तिथे भाजी जादू करते. कमतरता भरून निघाली की ती फक्त चांगलं अन्न असते. फक्त चांगलं अन्न, हे काही कमी नव्हे.

आपल्याकडे काय झालं

भारतात पोषणाचं संशोधन १९१८ मध्ये निलगिरीतल्या कुन्नूरला एका खोलीत सुरू झालं. रॉबर्ट मॅककॅरिसन हे त्याचे प्रवर्तक. हीच संस्था पुढे १९५८ मध्ये हैदराबादला गेली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. मॅककॅरिसन यांच्यानंतरचे संचालक वॉलेस अॅक्रॉइड यांनी १९३७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचं एक पुस्तक काढलं. आपल्या बाजारातल्या आणि परसातल्या भाज्यांमध्ये काय काय आहे, ते त्यात कोष्टकं करून दिलं होतं. गरीब माणसाच्या कुंपणावरचा फुकटचा पाला हा जीवनसत्त्वांचा खजिना आहे, हे तेव्हा कागदावर आलं.

कागदावर आलं, पण ताटात किती आलं? १९४३ मध्ये बंगालमध्ये दुष्काळ पडला. चौकशी आयोगाने १५ लाख मृत्यूंचा अंदाज दिला, नंतरच्या अभ्यासकांनी तो ३० लाखांपर्यंत नेला. अॅक्रॉइड स्वतः त्या आयोगावर होते. 'अधिक धान्य पिकवा' मोहीम त्याच काळातली. पण ज्याच्याकडे जमीन नाही, तांदूळ घ्यायला पैसे नाहीत, त्याला मेथीचा वाफा वाचवू शकत नाही. परसबागेबद्दल बोलताना ही मर्यादा विसरू नये.

स्वातंत्र्यानंतर, १९६० च्या दशकात, आंतरराष्ट्रीय संस्थांच्या मदतीने पोषणाचा एक कार्यक्रम आला. गावोगाव परसबागा, शाळांच्या बागा, कोंबड्या, तळ्यात मासे. कल्पना उत्तम होती, पण ती फारशी रुजली नाही. दरम्यान 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावाने मुलं आंधळी होत होती, त्यांना बाग फुलेपर्यंत थांबता येणार नव्हतं. म्हणून १९७० पासून एक ते पाच वर्षांच्या मुलांना दर सहा महिन्यांनी २ लाख युनिटचा डोस तोंडाने द्यायला सुरुवात झाली.

माझ्या इंटर्नशिपच्या काळात, एका आदिवासी भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मी हा डोस मुलांना पाजला आहे. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखे ठिपके दिसायचे. त्यांना बिटॉचे ठिपके म्हणतात. फ्रान्समधल्या बिटॉ नावाच्या डॉक्टरांनी त्यांचं वर्णन १८६३ मध्ये केलं होतं, आणि मी ते पाहत होतो सव्वाशे वर्षांनंतर. एका मुलाची आई म्हणाली होती, "दिवेलागणीला हा भिंतीला धडकतो, आम्हाला वाटलं खोड्या करतो." त्यांच्या झोपडीशेजारी शेवग्याचं झाड होतं. शेंगा आठवडी बाजारात जायच्या आणि पाला शेळीला.

मी पाल्याचे गुण सांगणारं भाषण ठोकलं. बाई ऐकून घेत होत्या. पुढच्या आठवड्यात त्या परत आल्या, तेव्हा पाला शिजला नव्हता. आमच्या केंद्रातल्या सिस्टर हुशार होत्या. क्वार्टरच्या मागे त्यांनी हौसेने वाफा केला होता. त्या बाईंना त्यांनी तिथे नेलं, लाल माठाचं चिमूटभर बी पदरात बांधून दिलं आणि सांगितलं, "रंग कसा येतो तो मला दाखवायला या." बाई तीन आठवड्यांनी आल्या, हातात माठ घेऊन. माझ्या भाषणाने जे झालं नाही ते 'दाखवायला या' या दोन शब्दांनी झालं. मुलाचे डोळे डोसाने सुधारले, हे स्पष्ट सांगतो. पण घरात हिरवं-लाल काही शिजू लागलं ते सिस्टरांमुळे.

संकट संपल्यावर

आता पुन्हा इंग्लंडकडे वळू, कारण मला सगळ्यात बोलकी वाटते ती युद्धानंतरची गोष्ट. युद्ध संपलं, १९५४ मध्ये रेशनही संपलं. बाजार भरला. भाड्याच्या जमिनीचे ते १४ लाख तुकडे घटत घटत १९७० च्या सुमाराला साधारण ५ लाखांवर आले. अमेरिकेतही तसंच झालं. १९४३ मध्ये तिथे सुमारे २ कोटी घरगुती भाजीबागा होत्या आणि देशातल्या ताज्या भाजीपैकी ४० टक्क्यांच्या आसपास त्यांतून येत होती, असा अंदाज आहे. शांतता झाली आणि बहुतेक वाफ्यांवर पुन्हा गवत आलं.

१९६९ मध्ये ब्रिटिश सरकारने नेमलेल्या एका समितीने यावर विचार केला. प्राध्यापक थॉर्प तिचे अध्यक्ष. समितीचं म्हणणं साधारण असं, की ही जागा आता गरिबीशी आणि युद्धाशी जोडून पाहू नये. तिला विरंगुळ्याची बाग म्हणावं, लोक सुट्टीच्या दिवशी मजेत येतील अशी तिची रचना करावी. नवं नाव काही रूढ झालं नाही, पण समितीची नजर बरोबर होती. आज तिथे अशा जागेसाठी अनेक ठिकाणी प्रतीक्षायादी असते. उपासमारीच्या भीतीने कुणी त्या यादीत नाव घालत नाही.

आपण हे छोट्या प्रमाणात पाहिलं आहे. २०२० च्या लॉकडाउनमध्ये आमच्या सोसायटीच्या गच्चीवर तीसेक कुंड्या आणि प्लॅस्टिकचे क्रेट जमले होते. ग्रुपवर रोज कोथिंबिरीचे फोटो. मीही तीन कुंड्यांत पालक लावला, 'लोह मिळावं' म्हणून. दवाखान्यातून दमून आल्यावर औषधासारखं पाणी घालायचो. पालक मेला. २०२२ पर्यंत गच्चीवर चार घरांची बाग उरली होती. मी निरखून पाहिलं, या चार घरांत एक गोष्ट समान होती. आरोग्यावर कुणीच बोलत नसे. "वर या, वांग्याला फूल आलंय, बघा," एवढंच म्हणत.

तेव्हा मला घटाचे कोंब बघायला धावणारा लहान मुलगा आठवला. दुसऱ्या वर्षी दसऱ्यानंतर मी मुळा लावला, केवळ तो भराभर उगवतो आणि मला ते बघायला आवडतं म्हणून. तो जगला. मुळ्याच्या पाल्याची मूगडाळ घालून केलेली भाजी आमच्याकडे आता दर हिवाळ्यात होते.

आजचं संशोधन काय म्हणतं

नेदरलँड्समधल्या २०११ च्या एका प्रयोगात ३० जणांना आधी डोक्याला ताण देणारं काम दिलं. मग अर्ध्यांना अर्धा तास बागकाम आणि अर्ध्यांना घरात बसून वाचन. कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं हार्मोन, दोन्ही गटांत उतरलं, पण बागकाम करणाऱ्यांत जास्त.

२०२३ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. २९१ प्रौढांपैकी काहींना चिठ्ठी टाकल्याप्रमाणे सामुदायिक बागेत जागा दिली, बाकीच्यांना पुढच्या वर्षीपर्यंत थांबवलं. हंगामाच्या अखेरीस बागवाल्यांच्या आहारातला चोथा दिवसाला साधारण दीड ग्रॅमने जास्त होता, आणि अंगमेहनत आठवड्याला सुमारे ४० मिनिटांनी जास्त. ताण आणि चिंताही कमी झाली.

आकडे लहान आहेत. आपल्याला दिवसाला २५ ते ३० ग्रॅम चोथा लागतो, त्यात दीड ग्रॅम म्हणजे थोडाच. पण ही माणसं हे सगळं पथ्य म्हणून करत नव्हती, आणि मनाविरुद्ध न करावी लागणारी गोष्ट वर्षानुवर्षं टिकते. दीर्घ आजारात टिकणं हेच निम्मं औषध असतं.

या शरदात लावणार असाल तर

जागा नसेल तर दोन पसरट कुंड्या पुरतात, चार-पाच तास ऊन हवं. सुरुवात मेथी, मुळा किंवा लाल माठाने करा. लवकर उगवणारं काही लावलं की उत्साह टिकतो.

डॉक्टर म्हणून काही सूचना:

डायबेटीस असेल तर अनवाणी वाफ्यात जाऊ नका. पायाची संवेदना कमी झालेली असते, काटा रुतला तरी कळत नाही, आणि जखम चिघळल्यावर पेशंट आमच्याकडे येतो. बंद बूट घाला, रात्री तळवे बघा.

धनुर्वाताची लस वेळेवर घेतली आहे का ते तपासा.

कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. डेंग्यूचा डास त्यातच वाढतो. आठवड्यातून एकदा ताटल्या, ड्रम रिकामे करून घासून घ्या. बागेने घरात डेंग्यू आणायला नको.

रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर पालेभाजीचं प्रमाण एकदम वाढवू नका. त्यातलं 'के' जीवनसत्त्व गोळीचा परिणाम कमी करतं. प्रमाण रोज साधारण सारखं ठेवा आणि डॉक्टरांना सांगा.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर कोणती भाजी किती, हे आधी विचारा. पोटॅशियमचा प्रश्न असतो.

पालेभाजीतलं लोह शरीरात नीट शोषलं जावं म्हणून वर लिंबू पिळा, आणि जेवणाला चिकटून चहा टाळा.

गुडघे दुखत असतील तर उकिडवं बसू नका. स्टूल घ्या, किंवा कुंड्या कट्ट्यावर ठेवा.

आता काकांची गोळी. मी त्यांना सांगितलं, गोळी बंद नाही. साखर उतरली त्यात वाफ्याचा वाटा किती आणि गोळीचा किती, हे मला वेगळं काढून सांगता येणार नाही. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू, तेव्हा गरज वाटली तर डोस मी कमी करीन. तुम्ही आपणहून करू नका.

त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "आणि बाग?"

मी म्हटलं, "ती औषध म्हणून करू नका. आवडते म्हणून करा."

"ते सांगायला डॉक्टर कशाला हवा?" ते हसून म्हणाले, आणि गेले. मेथी मी घरी नेली. बायकोने माती झटकली आणि म्हणाली, "ताजी आहे हो अगदी." लसणाच्या फोडणीवर, भाकरीबरोबर, रात्री आम्ही ती खाल्ली.

तुमच्या कुंडीतलं पहिलं पान उगवलं की कुणालातरी बघायला बोलवा. बाग टिकायची असेल तर तेही लागतं.

काळजी घ्या.